कोहळे मोजणारी लेक, हप्ते मोजणारे बाबा

पत्र थोडक्यात असं :

वाचक २६ वर्षांची आहे, पूर्व नागपुरातली. इंजिनिअरिंग इथेच झालं, मग दोन वर्षं पुण्यात आयटीतली रात्रपाळी. दीड वर्षापूर्वी, एप्रिलमध्ये, ती जर्मनीतल्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात पाणी व्यवस्थापनात मास्टर्स करायला गेली. १५ लाखांचं शैक्षणिक कर्ज आहे, सहकर्जदार वडील, आणि ते पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होतील. पहिलं वर्ष लेक्चर, असाइनमेंट आणि गोदामात पार्सलं लावण्याचं काम यांतच गेलं. हिवाळ्यात ती आजारी पडली, एका विषयात नापास झाली. मग हॉस्टेल सोडून चौघांच्या एका घरात राहायला गेली. खाली सत्तरी ओलांडलेल्या घरमालकीणबाई राहतात. शहराच्या कडेला बागांची एक वसाहत आहे, तिथे त्यांचा जमिनीचा छोटा तुकडा आहे, पण गुडघे वाकत नाहीत. वाचक त्यांच्याबरोबर रविवारी जाऊ लागली. आता तिनं गोदामातलं काम सोडलं आहे. घरातले चौघं आळीपाळीनं स्वयंपाक करतात. तिचे ४८ क्रेडिट उरले आहेत, त्यात ३० क्रेडिटचा प्रबंध. हे सगळं तिला चारऐवजी सहा सेमिस्टरमध्ये निवांत संपवायचं आहे, आणि पुढेही एखाद्या लहान गावातच राहायचं आहे.

सप्टेंबरात तिनं बागेतल्या ११ कोहळ्यांचा (आपल्या विदर्भातले कोहळे, म्हणजे लाल भोपळे) फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. वडिलांचं उत्तर आलं : "आम्ही इथं हप्ते मोजून रायलो अन् तू तिथं कोहळे मोजून रायली." आई काहीच बोलली नाही. पुण्यातले जुने मित्र बढत्यांचे फोटो टाकतात. ती विचारते : मी आळशी झाले का? स्वार्थी झाले का? असं माणसांच्या सोबतीचं, सावकाश आयुष्य नागपुरात शक्यच नाही, मग परत यायचंच नाही असं ठरवू का?

प्रिय मुली,

तुझ्या बाबांचं वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा टोमणा ऐकू आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की हा माणूस खरंच मोजतो आहे. मार्चनंतर पगार थांबणार, आणि कर्जाच्या कागदावर तुझ्या सहीशेजारी त्यांची सही आहे. आयुष्यभर ते धावले, तेही काही हौसेनं नाही. घराला त्याची गरज होती. तू लिहितेस, "बाबांना माझं जगणं कळत नाही." मला वाटतं, जगणं त्यांना कळतं. हिशेब कळलेला नाही, कारण तो तू त्यांना सांगितलेलाच नाहीस. पैशाकडे मी येतेच, पण त्याआधी तुझ्या पत्रात तू काही गोष्टी गृहीत धरल्या आहेस, त्यांच्याकडे बघू.

तू म्हणतेस, मी आता सावकाश जगते. पण तुझा रविवार तूच लिहून पाठवला आहेस. सकाळी आठला बागेत. झाऱ्या भरणं, तण काढणं, वेलींना काठ्या लावणं. दुपारी एक ते तीन वसाहतीत आवाज करायचा नाही, म्हणून सगळ्यांबरोबर सावलीत बसून खाणं. मग शेजारच्या तुकड्यातले आजोबा झाडावर चढतात, त्यांची शिडी धरणं. घरी आल्यावर जिना पुसायची तुझी पाळी असेल तर तो पुसणं. यात आळस कुठे आहे? गोदामात राबत होतीस तेवढीच इथेही राबतेस. पण गोदामात तू एक दिवस गेली नसतीस तर तुझ्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं असतं. बागेत मात्र तू ताप आला म्हणून गेली नाहीस, तेव्हा आजोबांनी "ती का नाही आली?" म्हणून विचारलं आणि बाईंनी दाराशी सुपाचं भांडं ठेवलं. पत्रात हे तू एका ओळीत उरकलं आहेस. माझ्या मते अख्ख्या पत्रातली महत्त्वाची ओळ तीच.

माझे वडील काटोलजवळच्या खेड्यातून शिकायला नागपुरात आले, तेव्हा महालात वार लावून जेवत. हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. गरीब विद्यार्थ्याला आठवड्याचे सात दिवस सात घरं जेवू घालायची, प्रत्येक घराचा एक वार. गुरुवारच्या घरी फारसं काही नसायचं. ज्वारीची भाकरी, बेसन आणि कांदा. पण पाट मांडलेला असायचा आणि ताट वाढलेलं असायचं. वडील त्या घरचं पाणी भरायचे आणि धाकट्या मुलाकडून पाढे म्हणवून घ्यायचे. एका गुरुवारी ते तापानं फणफणले होते, गेले नाहीत. अंधार पडल्यावर त्या घरच्या काकू कंदील घेऊन खोलीवर आल्या. दुसऱ्या हातात पेजेचा गडू. म्हणाल्या, "तुझं ताट तसंच राहिलं रे." ऐंशीच्या घरात असतानाही हे वाक्य सांगताना वडिलांचा आवाज बदलायचा.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. ते ताट सगळ्यांसाठी नव्हतं. वारावर जेवायची सोय मुख्यतः ब्राह्मण मुलांना मिळे. इतर अनेकांना, दलित मुलांना तर सरसकट, ती दारं बंद होती, आणि म्हणून त्यांच्यासाठी वसतिगृहं उभी करावी लागली. समूहाच्या मायेची गोष्ट सांगताना उंबऱ्याबाहेर कोण उभं होतं हे मी तरी गाळणार नाही. तुझ्या बागांच्या वसाहतीलाही उंबरा असणारच. तू आत आहेस ती बाईंचं बोट धरून. वर्षभरानं एखादी बावरलेली नवी मुलगी तुमच्या घरात राहायला येईल, तेव्हा तिला रविवारी बागेत घेऊन जाण्याचं काम तुझं.

म्हणून वेग हा शब्द तू थोडा बाजूला ठेव. तुला तिथे जे सापडलं आहे तो तुझा वार आहे. कुणीतरी तुझी वाट बघतं आणि तूही कुणाचं तरी काही लागतेस. यात आळस नाही. पण बंधन आहे, आणि ते फक्त जर्मनीतच आहे असं समजू नकोस. एक ताट नागपुरातही वाढलेलं आहे.

आता दुसरी समजूत. तू लिहितेस, "इथल्या लोकांच्या स्वभावातच निवांतपणा आहे." मला हे तितकंसं पटत नाही. ज्या बागांमध्ये तू रमली आहेस त्यांना जर्मनीत श्रेबरगार्टन म्हणतात, ते लाइपझिगच्या डॉक्टर श्रेबर यांच्या नावावरून. त्यांच्या नावाचा पहिला संघ तिथे १८६० च्या दशकात निघाला, तो काही बागकामासाठी नव्हता. कारखान्यांनी भरलेल्या शहरात मुलांना खेळायला मोकळी जागा हवी होती. बागा त्या मैदानाच्या कडेनं आल्या. पुढे युद्धांच्या आणि टंचाईच्या काळात याच तुकड्यांनी लोकांना बटाटे खाऊ घातले. आज त्यासाठी १९८३ चा केंद्रीय कायदा आहे. एक तुकडा ४०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसावा, झोपडी लहान असावी, तिथे कायमचं राहू नये, आणि नुसती हिरवळ न ठेवता फळं-भाज्या लावल्याच पाहिजेत. रविवारी दुकानं बंद असतात, त्यामागेही १९१९ च्या वायमार घटनेतलं, म्हणजे जर्मनीच्या तेव्हाच्या राज्यघटनेतलं, कलम आहे. ते आजच्या जर्मन घटनेनं जसंच्या तसं पुढे चालू ठेवलं आहे. तू ज्या हेर्सब्रुकला जाऊन आलीस आणि "हे गावच वेगळं" म्हणालीस, ते २००१ साली इटलीबाहेरचं पहिलं चित्तास्लो गाव झालं. ही सावकाश गावांची चळवळ इटलीत १९९९ मध्ये सुरू झाली, आणि ५० हजारांपेक्षा कमी वस्तीची गावंच तिच्यात येऊ शकतात. तीही अर्ज करून, अटी पाळून.

सांगायचं काय, तर तो निवांतपणा हवेतून आलेला नाही. सभा घेऊन, ठराव करून, वर्गणी भरून, एकमेकांशी भांडून लोकांनी तो राखला आहे. बाग-संघाच्या वार्षिक सभेला तू जातेस का? नसशील तर जा. भाषा अर्धीच कळली तरी बस. कुंपणाची उंची आणि पाण्याचं बिल यावर दोन-दोन तास बोलणारी माणसं बघितलीस की तुला कळेल, त्या सावलीतल्या जेवणामागे किती खटपट असते.

आणि नागपूर? नागपुरात हे शक्य नाही, असं तू ठामपणे लिहिलं आहेस. चोवीस लाखांचं शहर आपलं, तेही २०११ च्या जनगणनेत. चित्तास्लोच्या यादीत ते बसणार नाही. पण आपल्याकडे माणूस शहरात कमी आणि मोहल्ल्यात जास्त राहायचा. उन्हाळ्यात कुरडया व्हायच्या ते आठव. तुझ्या पिढीनं निदान आजीच्या गच्चीवर पाहिलं असेल. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा. पहाटे पाचला चुलीवर मोठं पातेलं चढायचं, कारण आठनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. एक बाई चीक घाटणार, दोघी सोऱ्या फिरवणार, जुन्या धुतलेल्या लुगड्यावर पांढरी चक्रं पडत जाणार. आम्ही पोरं काठ्या घेऊन कावळे हाकायला. त्याची मजुरी म्हणजे वाटीभर गरम चीक, वरून तेल आणि जिरं. आज आमच्याकडे, उद्या समोरच्यांकडे, परवा कोपऱ्यावरच्या घरी. तोही वारच होता. आजही पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, ती काही सरकारी उत्सव म्हणून निघत नाही. पिवळी मारबत १८८५ पासून गल्लीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या हातानं घडवत आली आहेत.

पण तुझं पत्र पुन्हा वाचताना मला जाणवलं की तू "शक्य नाही" म्हणतेस त्यात खोटं काही नाही. ते तुझ्यासाठी शक्य नव्हतं. आपल्या पानठेल्यावर मुलं तासन्‌तास उभी असतात, कुणाला काही वाटत नाही. तुझ्या वयाची मुलगी तिथे पंधरा मिनिटं नुसती उभी राहिली तर चार घरांत फोन जातात. आपल्या सावकाश नागपुरातला निवांतपणा पुरुषांच्या वाट्याला जास्त आला. बायका एकत्र बसल्या त्या चीक घाटायला, वाती वळायला, गहू निवडायला. हातात काम नसताना बसलेली बाई मी माझ्या लहानपणी क्वचित पाहिली. तुमच्या घरात फ्रिजवर तक्ता लावला आहे, आणि त्यात मुलांच्या नावापुढेही स्वयंपाक आणि संडास साफ करणं लिहिलं आहे, याचं तुला अप्रूप वाटलं ते मला पूर्ण पटतं. तिथून परत येताना ती एक गोष्ट जरूर आण.

इथे मला तुझ्या आईबद्दल विचारायचं आहे. तिच्यावर तू पत्रात एकच ओळ लिहिलीस, "आई काहीच बोलली नाही." बाबांचं बोलणं तुला इतकं लागलं की आईच्या गप्प राहण्याकडे तुझं लक्षच गेलं नाही. ती काय विचार करत असेल? लेक परदेशात जाऊन मातीत हात घालते आहे, याचं तिला वाईटच वाटलं असेल असं धरून चालू नकोस. तिला स्वतःला असा रविवार कधी मिळाला होता का, हे तू कधी विचारलं आहेस का? कदाचित ते ११ कोहळे तिनं झूम करून पाहिले असतील.

मित्रांच्या बढत्यांबद्दल मी फार लिहीत नाही. त्यांची रात्रपाळी तू दोन वर्षं केली आहेस, त्या फोटोंच्या मागे काय असतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ग्रुप म्यूट कर.

आता पैसा. माझं म्हणणं तुला थोडं कडक वाटेल, पण हे स्पष्ट बोललंच पाहिजे. सावकाश जगण्याचा खर्च कुणीतरी भरत असतं. तो तू भरत असशील तर ते तुझं जगणं. बाबा भरत असतील तर त्यांनाही त्यात मत आहे. कर्जाचा दर साधारण १० टक्के धरला तर १५ लाखांवर वर्षाचं व्याज दीड लाख, महिन्याला १२,५०० रुपये. एक सेमिस्टर वाढलं की ७५ हजार, दोन वाढली की दीड लाख. वर तिथला राहण्याचा खर्च. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावी लागणारी रक्कम वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२. तुझं भागतं तेवढ्याच्या आसपास, असं तूच लिहिलं आहेस. शिवाय वर्षभराचा पगार लांबणार. सहा सेमिस्टर करायची म्हणजे हे सगळं आलं.

चारमध्येच संपवायचं, तर पुन्हा पहिल्या वर्षासारखं होईल. तीन विषय आणि प्रबंध एकाच हिवाळ्यात. तू आधी एकदा कोसळली आहेस, मी त्या बाजूनं नाही.

माझं मत पाच सेमिस्टरचं आहे. या हिवाळ्यात उरलेले १८ क्रेडिट, नापास झालेला विषय धरून. उन्हाळ्यात फक्त प्रबंध. बाग सोडायची नाही. गोदामाकडे परत जायचं नाही, पण विभागातच संशोधन सहायकाचं काम माग, तुम्ही मुलं ज्याला हिवी म्हणता ते. परदेशी विद्यार्थ्यांना सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, तुला आठ-दहा पुरे. त्यातून दर महिन्याला सव्वाशे-दीडशे युरो काढून व्याज थेट बँकेत भर. बाबांच्या हातात देऊ नकोस, बँकेत भर आणि पावती त्यांना पाठव. काही बँका शिकत असतानाच व्याज भरणाऱ्याला दरात थोडी सवलत देतात, तेही विचार. आणि एक गोष्ट विसरू नकोस. मंजुरीपत्रात अभ्यासक्रमाचा जो कालावधी लिहिला आहे त्यावरून हप्ता कधी सुरू होणार ते ठरतं. सेमिस्टर वाढणार असेल तर विद्यापीठाचं पत्र घेऊन बँकेला आधी कळवायचं, नाहीतर बाबांच्या निवृत्तीनंतर अचानक हप्ता सुरू होईल. निवास परवान्याची मुदतही याच आठवड्यात बघून ठेव.

हे सगळं एका कागदावर मांड आणि बाबांना पाठव. समजावणारं लांब पत्र नको. किती क्रेडिट उरले, कधी संपतील, किती व्याज मी भरणार, नोकरी शोधायला किती काळ मिळतो. पदवीनंतर त्यासाठी १८ महिन्यांचा परवाना मिळतो, हे कदाचित त्यांना माहीतही नसेल. आणि हेही लिही की लहान गावातल्या नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काम करायचं तर जर्मन चांगली बोलता यावी लागते, आणि ती तू बागेत शिकते आहेस. तू स्वतःच म्हणतेस की वर्गात सगळे इंग्रजीत बोलतात. आजोबांच्या शिडीखाली उभं राहून तुझी भाषा सुधारली. बाबांना हा मुद्दा पटेल.

आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. शाळेच्या सहलीत ती मातीची कुटी तू पाहिली असशील. गांधीजी तिथे १९३६ मध्ये राहायला आले. पण तुझं पत्र वाचताना मला आठवले ते १८८८ साली लंडनला बॅरिस्टरी शिकायला गेलेले, जेमतेम एकोणीस वर्षांचे गांधी. सुरुवातीला त्यांनी साहेबासारखं व्हायचा प्रयत्न केला. नाच शिकले, व्हायोलिन घेतलं. काही महिन्यांत ते सोडून दिलं. मग एक लहान खोली घेतली, सकाळी ओटची लापशी आणि कोको स्वतः करू लागले, गाडीभाडं वाचवून मैलोन्‌मैल चालू लागले. शाकाहारी मंडळींमध्ये मिसळले, त्यांच्या संस्थेच्या कार्यकारिणीवर गेले, आणि राहत्या भागात एक छोटं शाकाहारी मंडळ काढून त्याचे चिटणीस झाले. परक्या देशात माणसं जोडायची त्यांची रीत हीच, नुसतं सभासद न राहता काहीतरी काम अंगावर घ्यायचं. त्याच काळात पै-पैचा हिशेब ते रोज लिहून ठेवायचे. जून १८९१ मध्ये बॅरिस्टर झाले आणि लगेच बोटीत बसले.

आणखी एक विचारते, आणि याचं उत्तर मला नको, तू स्वतःला दे. सावकाश चालणं आणि पाय न उचलणं, दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. बागेत जाताना तुला हलकं वाटतं की प्रबंधाची फाइल उघडवत नाही म्हणून तू बागेत जातेस? आता नोव्हेंबर येतो आहे. बागेचं काम थांबेल, साडेचारला अंधार पडेल. गेल्या हिवाळ्यात तू याच दिवसांत खचली होतीस. तेव्हा रविवार रिकामा ठेवू नकोस. बाईंना विचार, थंडीत ही मंडळी कुठे भेटतात. कुणाच्या स्वयंपाकघरात, चर्चच्या गायनात, पत्त्यांच्या डावाला, कुठेतरी भेटत असतीलच. सलग दोन आठवडे उठायलाच नको वाटलं तर विद्यार्थी सेवा संस्थेच्या समुपदेशकांची वेळ घे. ती सोय विद्यार्थ्यांसाठीच आहे.

ही उत्तरं मेलबर्नमध्ये, डब्लिनमध्ये किंवा अगदी बंगळुरूत शिकणाऱ्या मुलामुलींनाही लागू पडतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. सगळ्यांना घरमालकीणबाई आणि बाग मिळत नाही. पण आठवड्यातली एक वेळ आणि एक जागा पक्की करता येते, मग ते ग्रंथालय असो, गुरुद्वाराचा लंगर असो किंवा मैदान. पाचव्या-सहाव्या आठवड्याला तिथलं एखादं लहान काम मागून घ्या. खुर्च्या लावणं, भांडी विसळणं, किल्ली सांभाळणं. पाहुण्याला कुणी "काल का नाही आलास?" असं विचारत नाही. किल्ली ज्याच्याकडे असते त्याला विचारतात. मराठी मंडळात जा, गणपतीत मोदक वळा, पण सगळे रविवार तिथेच घालवू नका. आणि जिथे राहता तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. त्यांच्याकडे वेळ असतो, आणि तुम्ही चुकीचं बोललात तर ते थांबून सुधारतात.

परत यायचं की नाही, हे तुला आज ठरवायची गरज नाही. पदवी, मग १८ महिने, म्हणजे अजून जवळजवळ अडीच वर्षं हातात आहेत. मात्र "नागपुरात शक्य नाही" या कारणावरून ठरवू नकोस. इथे सुट्टीला येशील तेव्हा तुमच्या गल्लीत राहिलेल्या जुन्या घरांपैकी एखाद्या घरात नुसती जाऊन बस. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांच्या फ्लॅट स्कीम झाल्या. तरी खाली संध्याकाळी पाच-सहा बायका आता खुर्च्या टाकून बसतात, हातात काम न घेता. गेल्या तीन-चार वर्षांत हे सुरू झालं. मीही जाते.

आणि ते ११ कोहळे. एवढे तुम्हा चौघांना संपणार नाहीत. वसाहतीत हंगाम संपल्याचं जेवण आहे असं तू लिहिलं आहेस. त्या दिवशी कोहळ्याचे बोंडं कर. तिथल्या कोहळ्याची साल बऱ्याचदा पातळ असते, गर घट्ट निघतो, त्यामुळे गूळ आणि कणीक यांचं प्रमाण आपल्यासारखं राहणार नाही. ते मी सांगणार नाही, आईला विचार. घड्याळं मागे गेली की तुमच्या-आमच्यात साडेचार तासांचं अंतर पडतं. तुझ्याकडे दुपारचे दोन वाजलेले असताना इथे साडेसहा. संध्याकाळचा दिवा लागलेला असतो, कुकर अजून लावायचा असतो. तेव्हा व्हिडिओ कॉल कर, फोन कट्ट्यावर टेकवून ठेव, आणि पीठ भिजवताना तिला दिसेल असं भिजव.